पुट

हॅलिफॅक्सला आले तेव्हा पुट मला येत होतं.
पुट, पुट, पुट. तिन्ही काळांत सारखंच.
मिरजेच्या शाळेत खाडिलकर बाई म्हणायच्या,
गरीब क्रियापद आहे, कुणाला त्रास देत नाही.

इथे त्याला शेपट्या फुटल्या.
एप्रन पुट ऑन, किटली पुट ऑन, दिवा पुट ऑन,
शिवाय मिसेस ग्रीनवुडनी चार पौंड पुट ऑन केले
आणि तो आनंदाचा विषय होता.
मीटिंग पुट बॅक झाली म्हणाले,
मी मागच्या खोलीत जाऊन बसले.
पुट आउट म्हणजे विझवणं, आणि मन दुखावणंही.
हे पटलं. विझतंच की काहीतरी.
पुट अप विथ:
एवढे डबे जोडलेली गाडी आणि आत माल एकच, सोसणं.
हे मात्र वहीत लिहावं लागलं नाही.

वही एप्रनच्या खिशात. हात धुऊन धुऊन
पानांच्या कडा फुगलेल्या.

नऊ नंबरच्या खोलीत मिस्टर क्रॅबट्री.
सत्तेचाळीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत,
अजून चादरीच्या काठावर बोटं गाठी शोधतात.
एका दुपारी पाय पुसताना म्हणाले,
मॉसला पुट डाऊन करावं लागलं, इथे येण्याआधी.
मॉस म्हणजे फोटोतला काळा-पांढरा कुत्रा.
मला वाटलं, मांडीवरून खाली ठेवला.
मी हसून म्हटलं, बरं केलंत, जड असेल.
मग कुठे गेला?

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.
कुठेच नाही, लव्ह.

डोरीननं कपड्यांच्या खोलीत, दार लावून, अर्थ सांगितला.
वर म्हणाली, पुट टु स्लीपही म्हणतात, जरा मऊ.
मी उशीच्या अभ्र्यांकडे बघत उभी.
रोज रात्री फोनवर
मी माझ्या मुलीला तेच तर करते.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले
तर सॉरीच्या पुढे शब्द नाहीत.
मग मोडकंतोडकं सांगितलं:
आमच्याकडे ठेवणे आहे. तुमच्या पुटसारखंच गरीब.
बाळाचं नाव ठेवतात, सुनेला नावं ठेवतात,
एक टिंब वाढलं
की बारसं संपून भांडण सुरू.
लक्ष ठेवतात, विश्वास ठेवतात,
बांगड्या गहाण ठेवतात विमानाच्या तिकिटासाठी,
आणि

इथे थांबले. मागे ठेवतात, हे सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही. म्हणाले, पुन्हा म्हण तो शब्द.
ठेवणे.
टेव-ने, ते म्हणाले. टे. टे. दात काढून ठेवलेले,
ठ कुठून येणार?
तरी तीनदा प्रयत्न केला, तोंड वाकडं करून,
मी दुरुस्त केलं नाही.

चहा आणला होता, तो हातातच राहिलेला.
पुट इट डाऊन, लव्ह, ते म्हणाले,
आणि आम्ही दोघंही एकदम गप्प झालो.

मी कप टेबलावर ठेवला.
बशी वाजू नये इतका हळू.
साखर घालायची राहिली होती.