अडीच आटे

तेहतीस वर्षं बाबांनी पाणी सोडलं.
पहाटे चारला सायकलच्या दांडीला
लोखंडी चावी बांधून निघायचे.
नंदनवन अडीच आटे, हसनबाग दोन,
वाठोड्याला जरा जास्त, तिकडची लाईन लांब.
कुणाच्या घरी किती गुंड भरतात
हे त्यांच्या मनगटाला ठाऊक.

रिटायर झाले आणि बेसाच्या पुढं प्लॉट घेतला,
जिथं नळच पोचला नव्हता.
टँकर येतो, मंगळवारी, शुक्रवारी.
बाबा त्याच्या पाईपाकडं बघतात
दुसऱ्याच्या हातचं जेवण बघावं तसे.

मी नर्सरीतून झाड आणलं.
काळ्या पिशवीत हातभर, सगळंच हिरवं,
खोडसुद्धा, पोपटाच्या पाठीसारखं,
आणि पेरापेरावर काटा.
म्हटलं, वाळवंटातलं आहे, याला पाणी लागत नाही.
"लागत नाही असं काहीच नसते या दुनियेत.
मागाले लाज वाटते एखाद्याले, एवढंच."

मग माझ्या चोरून तांब्या.
तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
एकदा तर माठातलं.
दोन महिन्यांत पानं पिवळी, बुंध्याशी माती आंबट.
नर्सरीतला श्रावण उईके आला,
चिमूटभर माती नाकाशी नेली:
"काकाजी, किती पाजून राह्यले याले?
बंद करा ना बाप्पा."

बंद करणं त्यांना नवं नव्हतं.
रोज साडेसातला तेच करायचे,
आणि मागून एखादी बाई रिकामा गुंड आपटायची.
इथं मागं कुणीच नव्हतं.
ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.
मग कोपऱ्यातली चावी आणली,
रोपाशेजारी जमिनीत ठोकली,
आणि खोड तिला सुतळीनं बांधलं.

तिसऱ्या वर्षीचा नवतपा.
कूलरची ताटी भिजवली की लगेच कडकडत होती.
शेजारी बोकड्यांचं लॉन, विकत आणलेलं,
कडेनं गुंडाळत आलं जुन्या चटईसारखं.
शुक्रवारचा टँकर रविवारी आला.
आणि या झाडानं बारीक पानं झटकून टाकली,
नुसत्या हिरव्या काड्यांवर
पिवळंधमक फुललं.

पाच पाकळ्या. चार पिवळ्या राहतात.
पाचवी, मधमाशी येऊन गेली की,
हळूहळू शेंदरी होते.
हे बाबांनी शोधून काढलं, भिंग लावून,
आणि मला सांगितलं
झोनचा रिपोर्ट द्यावा तशा आवाजात.

टँकरवरच्या पोरानं विचारलं,
"काका, याले किती पाणी लागते?"
बाबांनी सवयीनं मनगट उचललं,
हवेत धरलं,
फिरवलं नाही.
शून्य आटे कसे दाखवायचे
त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मग ते खाली वाकले.
सुतळी खोडात रुतली होती, कधीची.
गाठ सोडताना काटा अंगठ्यात गेला, खोल.
"हाव रे," झाडालाच म्हणाले,
"सोडून राह्यलो ना."