दुसरा हात

घंटा बिघडलेली होती, म्हणून काच वाजवली.
नेलिदाबाई आल्या, काखेत रंगांचं पुस्तक.
म्हणाल्या, मुलीला करडा हवाय, मासिकातल्यासारखा,
शिवाय मोठा आरसा, उंच कुंडी,
छत्र्या ठेवायला पितळेचं काहीतरी.
मला पिवळा हवाय.
तू पिवळाच आण, विल्मार. पैसे मी देणार आहे.

मोन्तेविदेओच्या जुन्या घरांची देवडी,
सागुआन म्हणतो आम्ही,
धड रस्ता नव्हे, धड घर नव्हे.
बाहेरचं दार दिवसभर उघडं, आतलं काचेचं लावलेलं,
मधे अकरा पावलं थंडगार फरशी
आणि नदीवरून येऊन भिंतीत
कायमचा मुक्काम ठोकलेली ओल.
कमरेपर्यंत निळ्या टाइल्स, त्यांच्यावर लोणा.
चाळीस वर्षं हा लोणा खरवडतोय.
माझी पोरं त्याच्यावरच शिकली.

पत्रा लावला तसे पापुद्रे सुटले.
मलई. मलईखाली पिस्ता.
खाली पांढरा, त्याखाली पुन्हा पांढरा,
आणि उभा माणूस टेकला तर डोकं येईल तिथं
एक डाग.
बशीएवढा, तेलकट, कडेला चहासारखा.

ओल नव्हे ही. ओल खालून चढते,
तिची चाल मला ठाऊक आहे.
बोट फिरवलं, हुंगलं.
नुसता जुन्या चुन्याचा वास.

"ब्रिलियंटाइन," बाई मागून म्हणाल्या,
भोपळ्यातला कडू चहा नळीने ओढत.
"तेव्हा पोरं केसांना थापायची.
मंगळवार आणि शुक्रवार, आठ ते साडेनऊ.
काचेमागे मावशी खुर्ची टाकून विणत बसायची,
आणि तो इथं, भिंतीला टेकून.
चार वर्षं."

मला वाटलं आपण काहीतरी गोड बोलावं.
म्हटलं, "एलीसेओसाहेब भलतेच चिकाटीचे!"
नळी खडखडली. चहा संपला होता.
"एलीसेओला टक्कल होतं," बाई म्हणाल्या.
"आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा."

मी पत्रा पुसला. तसा तो स्वच्छच होता.
मग थर मोजले. चार.
"हे आधी कुणी रंगवलं?"
"त्यानंच. कुणी सांगितलं नव्हतं.
एखाद्या रविवारी जेवून उठायचा, कोट काढायचा, बादली घ्यायचा.
पिस्ता कुठंतरी स्वस्तात मिळाला म्हणाला.
मी खाली वर्तमानपत्रं पसरायचे, शिडी धरायचे.
त्याविषयी आम्ही बोललो नाही.
वर्ष-दोन वर्षांत तेल वर यायचं."

माझ्या पिशवीत लाखेची बाटली होती.
लाखेचा एक हात, वर रंग,
की तेल जन्मात तोंड काढत नाही.
बंदरावरच्या कारकुनाला हे कुठून माहीत असणार,
असं म्हणणार होतो,
पण कोपऱ्यावरचा रंगवाला फेर्मीन
आल्या-गेल्याला हेच सांगतो,
न विचारता सांगतो,
त्याचा बापही सांगायचा.

बाटली काढली. हलवली.
बाई तिच्याकडे बघत होत्या, की माझ्या हाताकडे.
"पिवळ्याचे किती हात?"
"दोन."
"मग दोनच दे."

शनिवारी मुलगी आरसा घेऊन आली,
रंग बघून तोंड वाकडं केलं,
आणि खिळा कुठं ठोकायचा यावर मायलेकींचं वाजलं.
मी ब्रश धुवत होतो. मी त्यात पडत नाही.

ऑगस्टात त्या गल्लीतून जाणं झालं.
दार उघडं. पितळेच्या नळकांड्यात एकच छत्री.
आरसा समोरच्या भिंतीवर,
त्यात सगळा पिवळा, अजून कोरा,
आणि रस्त्यावरून वाकून बघणारा मी.
टोपी काढली होती, का कुणास ठाऊक.
घालून चालू लागलो.
आतून कुणी विचारलं असतं, कोण आहे,
तर काय सांगणार होतो?