गंजाचा पंचम

हॅलिफॅक्सच्या चढावरचं घर, नंबर सदतीस.
मिसेस थ्वेटनं ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं
आणि दुधाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं :
आत बोलू नका. ते ऐकतात.

ते म्हणजे कोण, मी विचारत नाही.
आमच्या धंद्यात ते म्हणजे नवरा, भागीदार, कौन्सिल,
कधी नुसतंच वय.

दांडा जोडला, टोकाला थाळीएवढा अँटेना.
काम तसं सोपं : भिंतीला हाक मारायची.
वीट गप्प. लाकूड गप्प.
पण आत कुठे चिप असली,
बंद असो, सेल संपलेला असो,
तिला ओ दिल्यावाचून राहवत नाही.
आपण षड्ज लावावा, ती तार षड्ज लावते.

गंजही बोलतो.
एकमेकांना चिकटून म्हातारे झालेले दोन खिळे
पंचम लावतात, तोही वरच्या सप्तकातला.
नवखा तिथेच फसतो, अख्खी भिंत फोडतो.
मिरजेत काकांच्या तंबोऱ्यांच्या दुकानात
तयार झालेला माझा कान
इथे ताशी साठ पौंडांना जातो.
शिवाय रबरी हातोडा : ठोकलं की
गंजाचा सूर फाटतो, चिपचा ढळत नाही.

खालच्या खोलीत चार पंचम.
जिन्याखाली एक, जुन्या गादीच्या स्प्रिंगा.
ती मागोमाग, नुसत्या मोज्यांवर.
वर, खिडकीजवळच्या फळीखाली
तार षड्ज.
ठोकलं. परत ठोकलं.
ढळेना.
तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

फळी उचकटली. धूळ, एक हेअरपिन,
आणि जर्दाळूच्या बीएवढं, कातडीच्या रंगाचं
श्रवणयंत्र. डाव्या कानाचं.

मग ती बोलली, चांगली मोठ्यानं :
"नॉर्मनचं. हरवलं म्हणून
महिनाभर ओरडत होते मी त्याच्यावर.
तो आपला हसायचा."

भिंतीला कान असतात, असं आमच्याकडे म्हणतात.
तिला सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं.
सेल केव्हाच मेलाय, एवढंच म्हणालो,
हे ऐकत नाही.

तिनं ते फुंकर मारून पुसलं,
जरा वेळ तळहातावर ठेवलं,
आणि बिलाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं :
परत ठेवा.

हातोडी तिनंच आणून दिली, लोखंडी.
फळीला चार नवे खिळे मारले.
अजून काही वर्षं तरी
ते काही बोलणार नाहीत.