अहवालात नसलेली सात मिनिटं

भूकंप तसा किरकोळच.
असल्या धक्क्याला वाल्पाराइसोत
कुणी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही.
पण टेकडीवरचा मनोरा कलला
आणि सगळ्या शहराच्या कानातला आवाज
वाक्याच्या मधोमध थांबला.

मी क्लोरिंदा ओयार्सून, सकाळपाळीची दुरुस्तीवाली.
तार सापडून टोकं सोलेपर्यंत चार मिनिटं लागली.
अहवालात अकरा लिहिलीत.
मधल्या सातांचा हिशेब
अजून कुणी मागितलेला नाही.

वरून खालची बेकरी दिसते.
निबाल्दो काउंटरवर तळहात टेकून उभा,
त्याला कुठला पाव आवडतो
हे त्याला सांगणारं कुणीच नव्हतं.
"कुठला?" बेकरीवालीनं विचारलं.
(लहानपणी भाजलेला तिचा कान,
त्यात यंत्र बसतच नाही.)
शहर इतकं गप्प होतं
की तो एक शब्द मनोऱ्यापर्यंत चढून आला.
त्यानं बोट दाखवलं,
कडेच्या, जरा करपलेल्याकडे.

उतारावरची रुळगाडी अर्ध्यात लटकलेली.
आत एक जोडपं भांडत होतं,
म्हणजे त्यांच्या वतीनं भांडण चाललं होतं.
आता पुढचं वाक्य येईना.
बाई हसली,
नाकातून, घोड्यासारखी,
असलं हसू कुणी मंजूर केलं नसतं.

सगळंच छान होतं असं नाही.
एकजण खांबावर कान आपटत होता.
एका आईला कळेना
पोर भुकेनं रडतंय की झोपेनं.
तिनं ते आधी या खांद्यावर घेतलं, मग त्या,
मग स्वतःच रडायला लागली
आणि पोर गप्प होऊन
तिच्याकडे टकमक बघत राहिलं.

आणि इस्माएल.
बायको गेल्या हिवाळ्यात गेली.
रोज सकाळी तिच्याच आवाजात तो
"आधी पांढरी गोळी, मग पिवळी" ऐकतो.
तो पायजम्यावर रस्त्यात आला होता,
हातात दोन्ही गोळ्या,
आणि दारादारांतून तिला हाका मारत होता.
दुसऱ्यांदा मेली ती,
आणि या वेळी माझ्या हातून.

त्याच्यासाठी मी तार जोडली,
असं मी सांगते.
सांगायला बरं वाटतं.

खरं म्हणजे पाचव्या मिनिटापासून
माझीच बोटं थरथरत होती.
वारा सुटलाय हे कळत होतं,
पण मला थंडी वाजतेय का,
कुणाला विचारू?

जोडली.
खाली रांग हलली.
निबाल्दोनं एक घास खाल्लेला पाव परत केला
आणि नेहमीचा घेतला.
रुळगाडीतलं भांडण
जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.
इस्माएल पांढरी गोळी गिळून
हसत घरात गेला.

मी कानाला हात लावून विचारलं,
मला आत्ता वाईट वाटतंय का?

थोडंसं, तो म्हणाला. पाणी प्या.

प्यायले.