हिशेबात बाराशेचा फरक

वही जुनीच, फाउंड्रीच्या डिस्पॅचची.
पुढच्या पानांवर पंप हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, वजन किलोत.
मागून उघडली की नॉर्वे.

उद्यमबागेत चौतीस वर्षं भट्टीसमोर काढली,
चौदाशे डिग्रीचं लोखंड साच्यात ओतत.
शेवटच्या दिवशी हार घालून विचारलं सगळ्यांनी, आता काय?
मी म्हणालो, बर्फ.
हसले. परसू होनगेकर तर म्हणाला,
मग गेटाजवळ गोळा खावा की ओ मामा,
एवढ्या लांब कशाला.

नीलव्वा हसली नाही.
तिनं पेन्सिलीला टोक काढलं.

जहाज बर्गनहून सुटतं. बारा दिवस.
जेवण तिकिटात. खिडकीच्या खोलीला जास्त पडतात,
आणि बिनखिडकीची घेतली तर
वडगावात, तिच्या माहेरच्या मागाच्या खोलीत झोपल्यासारखंच.
खिडकी, म्हणाली. खाली दोन रेघा मारल्या.

मग किनारे. खरा खर्च तिथं.
थांबणं फुकट, उतरणं फुकट,
उतरून काही बघायचं म्हटलं की हात खिशात.
ट्रॉम्सोला कुत्र्यांची गाडी, माणशी अठराशे क्रोनर.
गुणिले आठ, गुणिले दोन,
अठ्ठावीस हजार आठशे.
"कुत्र्यांना?"
खोडलं.

पार उत्तरेच्या कड्यापर्यंत बस जाते, पुढं नुसता समुद्र.
तेराशे माणशी. हे मात्र तिनं न विचारता लिहिलं.
जमीन संपलेली बघायची एकदा, म्हणाली,
इथं कुणाची कुठं संपते
हे ऐकण्यातच जन्म गेला.

ट्रॉम्सोला आणखी एक नाव आहे, रोम्सा,
तिथल्या जुन्या लोकांच्या भाषेतलं.
पाटीवर दोन्ही लिहायची का, यावरून भांडण झालेलं म्हणे.
हे वाचून आम्ही दोघं जरा वेळ गप्प.
मग ती उठली, चहा टाकला, वेलदोडा घालून,
पाहुणं आल्यावर टाकतात तसा.

गणपत गल्लीत थर्मल मागितलं
तर दुकानदारानं थर्मास काढून पुढं ठेवला.
तोही घेतला. सहाशे साठ.
कुंदा नेता येत नाही. दुधाचा पदार्थ, अडवतात.
सगळ्या खर्चात हाच तिला जास्त लागला.

एकूण.
ती कन्नडात मोजते, ओंदू, एरडू, मूरू, ओठांतल्या ओठांत.
मी मराठीत, मोठ्यानं.
एकेचाळीस वर्षं दोन्ही बेरजा जुळत आल्या,
दूधवाला, पोराची फी, घराचा हप्ता.
या खेपेला तिची बाराशेनं जास्त.

तीनदा केली. चष्मा पुसून केली.
तिला विचारावं तर ती गच्चीवर, कपडे काढत.
मग दिसलं,
एका बारक्या बंदरापुढं, जिथं जहाज पाऊण तास टेकतं
आणि बघण्यासारखं काही नाही असं पुस्तिकाच सांगते,
तिच्या अक्षरात एक शब्द. पुढं बाराशे.

पाटीवरचं कन्नड मला येतं, बस चुकू नये एवढं.
तिच्या हातचं येत नाही.
शेजारची नागरत्ना सहावीत आहे, तिला हाक मारली.
तिनं बोट ठेवून वाचलं,
सुम्मने.

उगीच. असंच. कशासाठी नाही.

बाराशे म्हणजे दीडशे क्रोनर,
तिकडं एक वाटी सूप, धक्क्यावर उभ्यानं.
दुसरा चमचा मागितला तर देत असतील.

कपड्यांचा ढीग घेऊन ती खाली आली.
जुळलं का, विचारलं.
जुळलं, म्हणालो,
आणि माझी बेरीज खोडली.

अजून नव्वद हजार कमी आहेत.
तारखेचा रकाना कोरा.
थर्मास मात्र फळीवर, बुचाला दोरा बांधून ठेवलाय तिनं,
हरवू नये म्हणून.