तिसरी नोटीस

नोटीस तिसऱ्यांदा लागली वेल्फेअर ऑफिसच्या फळ्यावर,
हजेरीच्या यादीखाली, एकाच टाचणीवर.
खाणीच्या हॉकी संघासाठी प्रशिक्षक पाहिजे.
मानधन नियमाप्रमाणे. राहण्यास क्वार्टर.
'गळका' हा शब्द मडावीनं नंतर पेनानं घातला.

रामटेके सर पोळ्याच्या आदल्या दिवशी
बालाघाटला लेकीकडे गेले ते गेलेच.
शिट्टी स्टोअरच्या खिळ्याला राहिली.
दोन महिने कोणी हात लावला नाही,
मग कोळशाची धूळ बसून
ती आमच्यातलीच एक झाली.

आम्ही म्हणजे अकरा, अधिक कागदावरचे तीन.
स्पोर्ट्स कोट्यात लागलो तेव्हा एकोणीस-वीसचे होतो,
त्यानंतर खाणीनं भरती केली ती मशिनींची.
सेंटर फॉरवर्ड तिर्कीला आता नातू आहे,
शेख रऊफ चष्म्याला नाडी बांधून खेळतो,
आणि मी, गोलकीपर,
खाली बसण्याआधी गुडघ्यांची परवानगी घेतो.
तरी दर शनिवारी चारला चुना पडतो,
रेषा थोड्या वाकड्या. चुना टाकणाराही आमच्याच वयाचा.

पहिला आला वर्ध्याहून, बुलेटवर.
बुटानं मैदान खरवडलं. म्हणाला, टर्फ कुठाय?
देवराव म्हणाला, "टर्फ नाही जी, मुरूम हाय.
पन इमानदार हाय. पडले त सोलते, खोटं नाही बोलत."
चहा अर्धा ठेवून गेला तो.

दुसऱ्यानं फोनवरच वयं विचारली.
प्रल्हाद आत्रामनं प्रत्येकाची पाच वर्षं कापून सांगितली,
तरी पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग तो म्हणाला, भजनी मंडळ काढा की.
रऊफ एकटाच हसला,
आणि हसता हसता बाहेर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या नोटिशीला आली करिष्मा पेंदाम,
डंपरवाल्या दसरूची पोरगी,
जी नाल्यात गेलेले आमचे चेंडू आणून द्यायची,
चेंडूमागे एक लिमलेटची गोळी, उधारी बंद.
पतियाळाचा डिप्लोमा प्लास्टिकच्या पिशवीत.
"पाच-चाळीसची बस हाय," म्हणाली. "खेळा."

खेळलो. साडेचारला ब्लास्टिंगचा भोंगा झाला,
मातीच्या डोंगरावरून धूळ उतरली, चेंडू काळा पडला,
आणि तिर्की तो नळावर धुवायला गेला,
जसा वीस वर्षं जातो.
ती घड्याळाकडे पाहत होती.
"काका, चेंडू धुवाले किती टाइम लागते?"
"एक मिनिट, बेटी."
"चार लागले. अन् बाकीचे बसून होते."
कोणी नाही म्हटलं नाही.
धाप लागलेली असताना खोटं बोलायला
वारा पुरत नाही.

मग तिनं एवढंच विचारलं:
"तुमच्यातलं बाहेर कोन बसन?"

बावीस वर्षांत सरांनी हे विचारलं नव्हतं.
सर आम्हाला का आवडायचे, ते तेव्हा कळलं.

मडावी बुटाची लेस बांधू लागला, बांधलेलीच.
देवरावनं आकाशात काहीतरी पाहिलं.
पाच-पंचवीस. पाच-तीस.
फाट्यावर बसचा हॉर्न.

मी पॅड सोडायला घेतले.
डाव्या पायाचं बक्कल गंजलेलं, लवकर सुटेना,
रऊफ वाकून म्हणाला, तुटला का पट्टा?
नाही रे, म्हटलं. तुटला नाही.

बाकडं म्हणजे रुळाखालचा जुना स्लीपर,
दिवसभराच्या उन्हानं अजून गरम.
तिथून मी माझा गोल पाहिला,
रिकामा, पहिल्यांदाच.
वाटायचा त्याहून बराच रुंद होता.

बस थांबली, निघाली, वळणावर गेली.
करिष्मानं मान वळवून तिला जाऊ दिलं.
पिशवी खांबाला अडकवली.
"आन् दुसरा?" म्हणाली.