माया

गांधीबागेतल्या दुकानाच्या माळ्यावर बसून
मी लोकांच्या खिडक्या शिवते.
रजिस्टरमध्ये निम्मं शहर आहे :
धंतोली, सहा बाय चार, अस्तर पाहिजे.
मनीषनगर, कड्यांचा, फिका मोरपंखी.
त्रिमूर्तीनगरच्या बाईंना समोरच्या गॅलरीतलं
आपल्याला दिसेल, त्यांना दिसणार नाही, असं कापड.
रजिस्टर उलटं धरलं तर
मागच्या पानावर एक माप माझं.

ते घेतलं बेसा रोडच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये.
तिघं एका स्कूटीवर गेलो होतो,
थंड पाण्याची बाटली प्रत्येकी एक मिळाली.
मोरेश्वर सोफ्यावर बसला नाही,
पँटला कंपनीचं ग्रीस असेल म्हणून.
तनूनं अभ्यासाच्या टेबलावर
बोटानं नाव लिहिलं, धूळ नव्हती तरी.
मी पर्समधून टेप काढला. सवय.
खिडकी साडेचार बाय चार.
मग उगाच पलंगही मोजला :
साडेपाच फूट.
"हा तर आखूड आहे हो," मी म्हटलं.
टायवाला पोरगा खालच्या आवाजात,
"खोली मोठी दिसते ना ताई त्यानं."
आतल्या खोल्यांना दारंही नव्हती.
तेही त्याचसाठी असावं.

बत्तीस लाख, पार्किंग धरून.
बँकेनं मोरेश्वरची स्लिप पाहिली
(ठेकेदार अर्धा पगार हातात देतो,
तो हात स्लिपवर येत नाही),
माझं रजिस्टर उघडलं नाही.
"मॅडम, तुमचं उत्पन्न दिसत नाही."

सासरे म्हणाले, प्लॉट पाहा, हुडकेश्वरच्या पुढं.
पाहिला. तुरीत होता,
चार दगड आणि एक पिवळी पाटी.
"आरएल येऊनच राहिलं बाप्पा, दिवाळीपर्यंत."
कोणती दिवाळी, ते दलाल बोलला नाही.
सासऱ्यांनी चाळीस वर्षं मागावर लुगडी विणली,
त्यांनी वाकून चिमूटभर माती चोळली,
पोत बघावा तशी,
आणि काही न बोलता स्कूटीकडे वळले.

पुढच्या वर्षी अडतीस लाख.

पाचपावलीत आमच्या भाड्याच्या खोलीला
खिडकी एक. मार्चमध्ये तिच्यात कूलर बसतो
तो गणपती उठेपर्यंत हलत नाही,
वाळ्याच्या जाळीला शेवाळ धरतं.
पडदा लागतो तो उरलेल्या महिन्यांपुरता.
मालकीणबाईंची अट : खिळा ठोकायचा नाही.
आधीच्या भाडेकरूचे दोन आहेत,
एक वर, एक वीतभर खाली.
त्यांवर दोरी, दोरीवर माझा पडदा,
अख्ख्या गल्लीत तेवढाच तिरपा.

परवा ऑर्डर आली. बेसा रोड,
बी विंग, तीनशे चार.
चौरागडेबाईंनी दार उघडलं
आणि मी उंबऱ्यातूनच बोलून गेले :
साडेचार बाय चार.
त्या बघतच राहिल्या.
टेप लावला. दोन इंच कमी भरली.
आतल्या खोलीत गादी जमिनीवर होती.
"पलंग आणला होता हो, सहा फुटी.
दार लागेना. परत पाठवला."
मग पदराशी चाळा करत,
"हप्ता सुरू झालाय ताई,
शिलाईत काही कमी करा ना."
केली. दीडशे रुपये.

रात्री कापड पसरलं,
खाली माया सोडली चार बोटं.
एरवी दोन सोडते.
धुतल्यावर कापड आटतं,
आणि त्या बाईंना कधी मोठी खिडकी मिळालीच
तर उसवून पुरवता यावं.

मग रजिस्टर उलटं केलं,
माझ्या मापातले दोन इंच खोडले :
चार फूट चार इंच.
पत्त्याची ओळ कोरीच ठेवली.
मायेपुढं लिहिलं, आठ बोटं.

तिकडे मोरेश्वर स्टुलावर चढून
कूलर उतरवत होता.
खिडकी मोकळी झाली तशी
समोरच्यांचा टीव्ही थेट आमच्या भिंतीवर
निळा निळा हलू लागला.
"पडदा काढ," तो म्हणाला,
"आणि दोरी या वेळी मी बांधतो."